रूटसाहेबांचे अनुवादक

आमचे संपादक कोणालाही नावाने हाक मारत नसत. मी त्या प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायला लागले, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं, शुद्ध आहे असा निर्वाळा दिला आणि त्यानंतर ते कधीही उच्चारलं नाही. मी ‘मुद्रितशोधक’. आमचा मालवणी शिपाई तातू हा ‘शिपाईमहाराज’. संस्थेचे मालक समोर असले की ‘मालक’, आणि जिना उतरून गेले की ‘मधले’.

“मधले म्हणजे काय हो?” मी एकदा विचारलं.

“गहू पिकवणारे तिकडे, गहू खाणारे इकडे. हे मधले,” ते म्हणाले आणि पुन्हा मुद्रितात डोकं घालून बसले.

मी लालबागची. वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे, थोरला भाऊ गिरणीत आणि त्याहून जास्त वेळ मोर्चात. चाळीत इंग्रजी शिकलेली मुलगी म्हणजे मी एकटीच, त्यामुळे मला सगळंच येतं असा चाळीचा समज होता आणि माझाही. गहू आणि पुस्तकं यांचा काय संबंध, हे मात्र मला कळेना.

संबंध होता. आमची संस्था म्हणजे गिरगावात एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पितळी पातेली आपटत असत, वर आम्ही अमेरिकन पुस्तकांचं मराठी करत असू. फोर्टातल्या एका अमेरिकन कचेरीतून पुस्तकांची यादी यायची. यादीतलं पुस्तक मराठीत काढलं, की कागदाचे, छपाईचे, अनुवादाचे पैसे तीच कचेरी देई आणि निम्म्याहून जास्त प्रती विकत घेऊन गावोगावच्या वाचनालयांना फुकट वाटे. वाचनालयं त्या नीट कपाटात ठेवत. त्या कपाटातून कोणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मालकांना त्याची फिकीर नव्हती. पूर्वी ते पंचांगं आणि पत्रिकांचे छापील कागद विकत. त्यात गिऱ्हाईक शोधावं लागे. इथे गिऱ्हाईक आधी पैसे देऊन मोकळं होत होतं.

आणि काय एकेक पुस्तकं! टर्की कोंबडा कसा पाळावा. घरच्या शीतपेटीत डुकराचं मांस सहा प्रकारे कसं टिकवावं. बर्फ पडला असता मोटार कशी हाकावी. हे सगळं परळ-लालबागच्या वाचकांसाठी, ज्यांच्याकडे मोटार नव्हती, बर्फ नव्हता, आणि शीतपेटी म्हणजे माठ.

संपादक ही पुस्तकं जीव ओतून मराठीत आणत. माझं हसू तिथेच थांबायचं. बर्फ बाजूला सारणाऱ्या यंत्राला त्यांनी ‘बर्फनांगर’ असा शब्द बनवला, त्यावर दोन दिवस घालवले, आणि तो तपासून पाहायला तातूला बोलावलं.

“शिपाईमहाराज, बर्फनांगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?”

तातूने मन लावून विचार केला. “गोळेवालो, साहेबानू. ठाकुरद्वारचो.”

संपादकांनी शब्द खोडला. मग पुन्हा लिहिला. म्हणाले, “असू द्या. निदान काहीतरी डोळ्यांसमोर आलं. मूळ वाचून तर मला तेवढंही दिसत नव्हतं.”

अंगाने ते किरकोळ होते. धोतर, गुडघ्यापर्यंतचा कोट, काळी टोपी आणि बारा महिने छत्री. छत्री डोक्यावर धरलेली मी फार क्वचित पाहिली. तिचं मुख्य काम दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दाखवणं. फणसवाडीतल्या घरापासून कचेरीपर्यंतच्या सगळ्या पाट्या त्यांनी तगादा लावून दुरुस्त करून घेतल्या होत्या. एक न्हावी तेवढा बधला नव्हता. ‘केशकर्तनालय’मधला रफार त्याने पाटीवर जागा नाही म्हणून गाळला होता आणि तो म्हणायचा, गिऱ्हाईक केस कापायला येतं, वाचायला नाही. संपादक त्याच्याच समोरून रोज जात आणि रोज दुसरीकडे बघत.

त्या दिवसांत मुंबई नुसती पेटली होती. आमच्या कचेरीखालूनही मोर्चे जात. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असा आवाज घुमला की भांड्यांच्या दुकानातली पातेलीही थरथरत. एकदा असाच मोर्चा आला आणि संपादक छत्री उचलून तडक खाली गेले. मला अभिमान वाटला. मालक खिडकीतून म्हणाले, “अरे, फोर्टात कळलं तर?” बऱ्याच वेळाने संपादक परतले ते अश्रुधुराने डोळे लाल होऊन, टोपी हरवून. मी पाणी दिलं आणि विचारलं, घोषणा दिल्यात का?

“घोषणा द्यायला हजार माणसं होती. पुढच्या फलकावर ‘पाहिजे’तली हि दीर्घ होती. ती ऱ्हस्व करून आलो.” पाणी पिऊन पुढे म्हणाले, “खडू मिळेपर्यंत पोलीस आले. पण झालं काम.”

माझा भाऊ मला रोज टोचायचा. “मराठी राज्यासाठी माणसं गोळ्या खातायत, आणि तू अमेरिकेचं मीठ खातेस.”

“मीठ नाही रे,” मी म्हणायची, “गहू. आणि तो तूही खातोस.”

हे उत्तर माझं नव्हतं, संपादकांचं होतं. ते मी त्यांच्याकडून फणसवाडीच्या स्वस्त धान्याच्या दुकानासमोर, रांगेत उभी असताना शिकले होते. त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीला, अक्कांना, संधिवात होता. त्यामुळे धान्य आणायला ते स्वतः जात. एकदा दुपारी काही मुद्रितं दाखवायला मी गेले, तर ते रांगेत, आणि भाषण जोरात सुरू.

“हा गहू अमेरिकेचा. पण फुकटचा नाही हं. तुम्ही इथे मोजता तो रुपया अमेरिकेच्या नावावर जमा होतो.”

“मग अमेरिकेत जाऊ दे की,” मागून एक बाई म्हणाली. “तुम्ही पुढे सरका, काका.”

“तिथेच तर गंमत आहे! तिकडे आपला रुपया घेतो कोण? तिकडच्या वाण्याला दिलात तर तो विचारेल, हे कसलं तिकीट. आणि आपल्या सरकारकडे द्यायला डॉलर नाहीत. म्हणून ठरलं असं की गहू त्यांनी द्यायचा, रुपये आपण द्यायचे, आणि रुपये राहणार इथेच. सरकारी बँकेत, त्यांच्या खात्यावर.”

“पडून?”

“पडून कसे राहतील? त्यातले बरेच आपलंच सरकार उसने घेतं. धरणं बांधायला, कारखाने काढायला. व्याज लावून.”

बाईने पिशवी खाली ठेवली. “म्हणजे पैसे आम्ही दिले, ते उसनेही आम्हीच घेणार आणि व्याजही आम्हीच भरणार?”

“बाई, तुम्ही दिल्लीला जा,” संपादक आनंदाने म्हणाले. “आणि राहिलेल्या पैशांतून ते इथला आपला खर्च भागवतात. बंगले, मोटारी, नोकरचाकर. उरलंसुरलं विद्येला. त्यातून या मुद्रितशोधक आणि मी टर्कीचं पुस्तक काढतो.”

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“धरण काही वाईट नाही,” ते मात्र शांतपणे सांगत होते. “धरणात पाणी खरंच साठतं. मी एवढंच म्हणतो की ज्याचा रुपया आहे त्याला कळू तरी द्या तो कुठे कुठे फिरून आला.”

घरी गेल्यावर अक्कांनी हेच सगळं फार सोपं करून टाकलं. त्या तो गहू पाखडत बसल्या होत्या. हा गहू पोळीला वळत नाही, लाटताना फाटतो, ही त्यांची कायमची तक्रार. भावाचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “म्हणजे शेजारणीने पीठ द्यायचं, आणि म्हणायचं, पैसे माझ्या डब्यात टाका. डबा तुमच्याच फडताळात ठेवा. फक्त उघडताना मला विचारा. असंच ना?”

संपादक उठले, आतून एक जाडजूड बाड घेऊन आले आणि अक्कांचं वाक्य जसंच्या तसं त्यात लिहून घेतलं.

ते बाड म्हणजे त्यांचं पुस्तक. नाव ‘सरकारचा संसार’. सरकारकडे पैसा येतो कुठून, जातो कुठे, कर्ज म्हणजे काय, मदत म्हणजे काय, चलन म्हणजे काय, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं बसून अक्कांना कळेल अशा मराठीत लिहिलं होतं. त्यात दादरचा भाजीबाजार होता, परळचा सावकार होता, गणपतीची वर्गणी होती. मी ते एका बैठकीत वाचलं. कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरात मी जेमतेम पास झाले होते. घरी जाताना पहिल्यांदाच वाटलं की दोष माझा नसावा.

“राज्य होणार,” ते म्हणायचे. “आज ना उद्या होणारच. मग त्या राज्याचा अर्थसंकल्प लोकांनी वाचायचा कुठल्या भाषेत? बर्फनांगराच्या?”

मालकांपुढे त्यांनी बाड ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. मालकांनी ते हातावर तोलून पाहिलं.

“अर्थशास्त्र कोण विकत घेतो हो? आणि लेखक कोण? तुम्ही?”

“मी.”

“मग तर कोणीच नाही.” मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाड अगदी हळू परत दिलं. “टर्कीचा दुसरा भाग आलाय, तो घ्या. त्याचे पैसे जमा झालेत.”

त्यानंतर बरेच दिवस संपादक पाट्यांवरच्या चुकाही दाखवेनात. मग फोर्टातून नव्या यादीसोबत एक सूचना आली, की यादीत नसलेलं एखादं चांगलं अमेरिकन पुस्तक प्रकाशकांना सुचवता येईल. संपादकांनी ती सूचना वाचली, टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला म्हणाले, “मुद्रितशोधक, तुम्हाला इंग्रजी टंकलेखन येतं ना?”

मी दादरला क्लास केला होता. येतं म्हणाले.

“मग लिहा. ‘द हाउसकीपिंग ऑफ गव्हर्नमेंट्स’. लेखक, जॅक एफ. रूट. राहणार कान्सास.”

“हे कोण?”

“फार अभ्यासू गृहस्थ आहेत. पुस्तक तिकडे अजून छापून यायचं आहे. त्यांनी टंकलिखित प्रत मला वाचायला पाठवली आहे.”

“कुठे आहे ती?”

“ती आता आपण करायची आहे,” संपादक म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस दुपारचं जेवण झालं की ते येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी यंत्र बडवायची. आयुष्यभर दुसऱ्याचं इंग्रजी मराठीत आणणाऱ्या माणसाला स्वतःचं मराठी इंग्रजीत नेताना इतके हाल सोसताना मी पाहिलं, की माझी बोटं दुखायची ती विसरायची. फणसवाडीची जॅक्सन स्ट्रीट झाली. गणपतीच्या वर्गणीचा चर्च फंड झाला. पोळीचा ब्रेड झाला. अक्कांची सिस्टर मार्था झाली. ‘उसनवार’ या शब्दापाशी ते अर्धी दुपार थांबले आणि शेवटी हताशपणे म्हणाले, “काय दरिद्री भाषा आहे हो.”

प्रत फोर्टात गेली आणि आठवडा उलटायच्या आत तिथले दादरचे साहेब आमचा जिना चढून वर आले.

हे साहेब आपल्यातलेच. राहणार दादर, नोकरी अमेरिकन कचेरीत. फोर्टात ते टाय बांधून इंग्रजी बोलत आणि संध्याकाळी दादरला टाय खिशात घालून समितीच्या सभेला पहिल्या रांगेत बसत. मला भावाने सांगितलं होतं. साहेबांनी मालकांना चहा सांगायला पाठवलं, दार लोटलं आणि हातातल्या कागदावरचं नाव वाचलं.

“जॅक एफ. रूट.” मग जरा भराभर. “जॅक एफ रूट.” मग अगदी एका दमात, “जॅकेफ्रूट.”

मी ते नाव शेकडो वेळा टाइप केलं होतं आणि माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता.

“हे रूटसाहेब,” दादरचे साहेब मराठीत म्हणाले, “फणसवाडीत कितव्या मजल्यावर राहतात?”

“दुसऱ्या,” संपादक म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “बहिणीबरोबर.”

साहेब खुर्चीवर बसले. आता नोकरी गेली, संस्था गेली, कदाचित पोलीसही, असं माझ्या मनात चाललं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, “मी दोन प्रकरणं वाचली. माझे वडील फडणिशीत होते. त्यांना जन्मभर जे सांगता आलं नाही ते त्या मार्थाच्या डब्यात आहे.” बोलता बोलता ते एकदम कचेरीतले झाले. “मात्र एक अडचण आहे. माझा मेव्हणा रिकामा बसलाय. बी.ए. आहे. त्याला अनुवादाचं काम पाहिजे.”

“इंग्रजी येतं?”

“नाही.”

“मराठी?”

“तसं घरात बोलतो.”

असा सौदा झाला. मेव्हण्याला मक्यावरच्या किडींचं पुस्तक मिळालं. त्याने किडींचं जे काही केलं ते संपादकांना पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावं लागलं. पुस्तकावर नाव मेव्हण्याचं आलं. त्याबद्दल ते कुरकुरले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “हे बघा, गव्हाचा रुपया आता दादरच्या मेव्हण्यापर्यंत पोहोचला. हे आपल्या पुस्तकात राहून गेलं.”

खरी धास्ती गव्हाच्या प्रकरणाची होती. त्यात अमेरिकेला बरंच सुनावलं होतं. शिल्लक राहून सडलं असतं ते धान्य विकायचं, वर उपकारही दाखवायचे, आणि दुसऱ्याच्या देशात त्याच्याच रुपयांचा डोंगर करून त्यावर बसायचं, असं सगळं. फोर्टातले मोठे अमेरिकन साहेब हे वाचतील आणि पुस्तक तिथेच संपेल, असं मालक घामाघूम होऊन सांगत होते. मालकांना तोवर रूट खरेच वाटत होते.

मोठ्या साहेबांनी संपादकांना बोलावून घेतलं. टंकलेखिका म्हणून मीही गेले. उंच, गुलाबी, अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी प्रत छातीशी धरली होती. म्हणाले, हेच! हेच आम्हाला तुमच्या लोकांना दाखवायचं आहे. एक साधा अमेरिकन नागरिक आपल्याच सरकारला जाब विचारतो आणि त्याला कोणी अडवत नाही. असं धैर्य आमच्याच मातीत उगवतं.

संपादकांनी अतिशय नम्रपणे मान डोलावली.

साहेबांना मार्था फार आवडली होती. आपली मावशी अशीच होती म्हणाले. रूट यांना हिंदुस्थानात व्याख्यानांना बोलवू या, त्यांचा इथला सगळा खर्च याच रुपयांतून निघेल, असंही त्यांनी सुचवलं.

“त्यांना बोट लागते,” संपादक म्हणाले.

“मग विमानाने?”

“विमानाचं नाव काढलं तरी लागते.”

साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी रूट यांना शुभेच्छा कळवायला सांगितल्या. जिना उतरताना मला हसू आवरेना, पण संपादक हसत नव्हते. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, “हेच वाक्य मी माझ्या नावाने लिहिलं असतं तर ते काय म्हणाले असते? कृतघ्न. आणि दिल्लीवाले म्हणाले असते, कोण हा? कान्सासच्या माणसाने लिहिलं म्हणून धैर्य झालं.” मग छत्रीने एका पाटीवरची चूक त्यांनी मला दाखवली. बऱ्याच दिवसांनी.

पुस्तक निघालं ते राज्य झालं त्या सुमाराला. रस्त्यात रोषणाई होती, लालबागला पेढे वाटत होते, माझा भाऊ खांद्यावरून मिरवला जात होता. पहिली प्रत घेऊन संपादक आणि मी फणसवाडीला गेलो. कापडी बांधणी, वर मोठ्या अक्षरांत ‘सरकारचा संसार’, खाली त्याहून मोठ्या अक्षरांत ‘जॅक एफ. रूट’. आतल्या पानावर बारीक ठशात अनुवादकाचं नाव.

अक्कांना वाचायला वेळ लागे. त्यांनी वेष्टणावर बोट ठेवून अक्षरं लावली. “हा रूट कोण?”

“त्याने लिहिलंय, अक्का.”

“आणि तू एवढी वर्षं आत बसून लिहीत होतास ते?”

“ते... ते मी याचंच मराठी करत होतो.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अक्कांनी पानं उलटली आणि नेमका डबा सापडला. शेजारीण, पीठ, फडताळ, सगळं त्यांच्याच शब्दांत. त्यांनी ते हळूहळू मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढला.

“हे मी बोलले होते. या खोलीत. हा अमेरिकेत बसून आपल्या घरात कसा डोकावला रे?”

संपादक उठून चहाचं आधण ठेवायला आत गेले. गेल्यावर बराच वेळ स्टो पेटवल्याचा आवाज आला नाही. अक्का मला म्हणाल्या, “खोटं बोलताना लहानपणापासून याचे कान लाल होतात.” आणि पुस्तक उचलून त्यांनी देवाजवळ ठेवलं. रूटच्या नावावर त्यांनी कुंकवाचं बोट लावलं. नाव दिसेनासं होईल इतकं.

पुस्तक खपलं. हे आम्हाला कोणालाच अपेक्षित नव्हतं. वाचनालयाच्या कपाटातून लोकांनी ते बाहेर काढलं. मालकांना तीन वेळा छापावं लागलं, तिसऱ्या वेळी तर स्वतःच्या पैशाने, ज्याचं दुःख त्यांना अखेरपर्यंत होतं. कॉलेजांनी ते मुलांना वाचायला लावलं. अमेरिकन तज्ज्ञाचं पुस्तक मराठीत आलं, हा नव्या राज्याला शुभशकुन आहे, असं कोणीतरी लिहिलंही.

त्याच सुमाराला दादरला एका सभागृहात अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय, परकीय मदत आणि आपण. संपादक मला घेऊन गेले, मागच्या बाजूला बसले. प्राध्यापक नुकतेच अमेरिकेत राहून आले होते. तेही याच रुपयांच्या कृपेने का, ते माहीत नाही. त्यांच्या तोंडी वाक्यावाक्याला ‘रूट म्हणतात’ होतं. रूट यांची दृष्टी, रूट यांचा विनोद, रूट यांची ती अविस्मरणीय मार्था.

मी दचकले. मराठीत तर अक्का होती. मग आठवलं, मोठ्या साहेबांनी ती टंकलिखित प्रत चार लोकांना दाखवली असणार. कुठल्याशा मेजवानीत मार्थाचं नाव यांच्या कानावर पडलं असेल.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा संपादक उभे राहिले. म्हणाले, “रूट यांनी व्याजाबद्दल जे म्हटलंय, ते मला वाटतं थोडं घाईने म्हटलंय. ते असं मांडायला हवं होतं—” आणि त्यांनी स्वतःच्याच पुस्तकातली एक उणीव अगदी बारकाईने दाखवायला सुरुवात केली.

प्राध्यापकांनी हात वर केला. “आपण मराठी अनुवाद वाचला असावा.”

“हो. मराठीच.”

“तरीच. अनुवाद अगदी कच्चा आहे. अनुवादकाने भलतंच स्वातंत्र्य घेतलंय. पोळ्या काय, गणपती काय! रूट पोळीबद्दल बोलतच नाहीत, ब्रेडबद्दल बोलतात. मी मूळ वाचलंय. अमेरिकेत असताना तिथल्या ग्रंथालयात बसून वाचलं. आपण मूळ वाचा, म्हणजे आपल्या शंका उरणार नाहीत.”

सभागृहात हशा झाला. ब्रेड मी टाइप केला होता, याच बोटांनी. मी उठायला लागले, तर संपादकांनी छत्री आडवी धरून मला खाली बसवलं.

“बरोबर आहे आपलं,” ते प्राध्यापकांना म्हणाले. “अनुवादकाला तेवढंच जमलं.” आणि बसले. त्यांचे कान लाल झाले नव्हते.

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले होते. “सांगितलं का नाहीत? मी सांगितलं असतं! भर सभेत सांगितलं असतं!”

“काय सांगितलं असतंत? की रूट नाही, हा मागच्या रांगेतला म्हातारा आहे?” ते चालता चालता थांबले. “उद्या सकाळी पुस्तक कॉलेजातून बाहेर. वाचनालयातून बाहेर. मोठे साहेब ते परत मागवतील, दादरच्या साहेबांची नोकरी जाईल. आणि पोरं वाचतील काय? टर्की? आज तिथे शंभर माणसं व्याजावर बोलत होती, मुद्रितशोधक. मराठीत बोलत होती. चुकीचं बोलत होती, पण मराठीत.”

आम्ही भाजीबाजाराच्या बाजूने चालत राहिलो. त्यांनी अक्कांसाठी मेथी घेतली, जुडी हलकी आहे म्हणून भाजीवालीशी वाद घातला, हरले, आणि जुडी कोटाच्या खिशात खोचली. माझा राग गेला नव्हता. त्यांनी तो पाहिला असावा.

“पण एक चुकलंच माझं,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे ती अमेरिकेतल्या ग्रंथालयातली मूळ प्रत मागायला हवी होती. त्यांनी ती वाचलीय म्हणतात. आपल्याला तरी कुठे बघायला मिळाली?”